बीजीएमआय स्क्रिम्स: पहिला स्लॉट मिळवायचा कसा आणि टिकवायचा कसा

"दादा, आमचे दोन प्लेयर कॉन्करर आहेत, आज रात्रीचा स्लॉट द्या ना." असा मेसेज मला आठवड्यातून तीन-चारदा तरी येतो. कॉन्करर म्हणजे बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या फोनवरच्या गेममधली सगळ्यात वरची रँक, आणि स्क्रिम्स म्हणजे टीमनी खासगी रूममध्ये खेळायच्या सरावाच्या मॅच. मी डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवरच्या एका टी-थ्री (सगळ्यात खालच्या पायरीच्या) स्क्रिम्स सर्व्हरवर स्लॉट, म्हणजे मॅचमधली टीमची जागा, लावण्याचं आणि पॉइंट शीट भरण्याचं फुकटचं काम करतो. अशा टीमला स्लॉट मिळतोही. मग पहिल्या रात्री त्यांचा एक जण रूममध्ये उशिरा येतो, दुसरा भलत्याच स्लॉटवर बसतो, तिघंच विमानात चढतात आणि पोचिंकीत उतरून चार मिनिटांत लॉबीत परत. दुसऱ्या रात्री न कळवता गायब. तिसऱ्या रात्री बॅन, आणि मग "सर्व्हर बायस्ड आहे" अशी ओरड.

नेम कच्चा असलेल्या टीम टी-थ्रीमध्ये महिनोन्‌महिने टिकलेल्या मी पाहिल्यात. वेळ आणि शिस्त कच्ची असलेली एकही टिकलेली पाहिली नाही. म्हणून या लेखात सेन्सिटिव्हिटीचा (नेम धरायच्या सेटिंगचा) कोड मिळणार नाही. क्लासिकमधून, म्हणजे गेममधल्या नेहमीच्या मॅचमधून, बाहेर पडून रोजच्या स्क्रिम्समध्ये बसायचं तर काय आधी करायचं, काय नंतर आणि लोक नेमके कुठे घसरतात, एवढंच आहे.

## १. डिस्कॉर्ड उघडण्याआधी: आयडी, फोन, नेट

आयडी एकच ठेवा. स्क्रिम्समध्ये तुमची ओळख म्हणजे तुमचा कॅरेक्टर आयडी आणि गेममधलं नाव. चौघांचे कॅरेक्टर आयडी एका नोटमध्ये लिहून ठेवा, कारण दर ठिकाणी ते मागतात. नाव साधं ठेवा. जपानी अक्षरं, मुकुट, उलटे आर असलेलं नाव तुम्हाला भारी वाटतं, पण निकालाच्या स्क्रीनशॉटवरून रात्री साडेबाराला शीट भरणाऱ्याला ते वाचता येत नाही. मग तुमचे तीन फिनिश (मारलेले शत्रू) दुसऱ्याच्या खात्यात जातात. टीमचा टॅग, मग नाव, संपलं. आणि एकदा नोंदणी झाली की मधेच रीनेम कार्ड वापरू नका.

आयडीचा पासवर्ड टीममेटलासुद्धा देऊ नका. "आज माझ्या जागी भाऊ खेळेल, त्याच आयडीवरून" हा प्रकार पकडला गेला तर अख्खी टीम जाते.

फोनची परीक्षा तिसऱ्या मॅचमध्ये होते. पहिल्या मॅचला सगळेच फोन मक्खन चालतात. स्क्रिम्स म्हणजे साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन ते सहा मॅच, जवळपास सलग. त्यामुळे ग्राफिक्स स्मूथवर ठेवा आणि तिसऱ्या मॅचच्या शेवटच्या झोनमध्येही (आवळत जाणाऱ्या खेळाच्या वर्तुळाच्या शेवटच्या टप्प्यातही) टिकेल तेवढाच फ्रेम रेट लावा. अधूनमधून ४० वर कोसळणाऱ्या ९० पेक्षा शेवटपर्यंत टिकणारे ६० परवडले. जाड कव्हर काढून ठेवा. चार्जिंगला लावून खेळलात तर फोन तापतो आणि फ्रेम पडतात, म्हणून बॅटरी आधीच भरून घ्या.

नेट. पिंगचा आकडा कमी असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. राउटरला ५ गीगाहर्ट्‌झचा पट्टा असेल तर तोच घ्या आणि त्याच खोलीत बसा. मोबाइल डेटा पर्यायी म्हणून हवाच, पण इथे एक हमखास घोळ होतो. दिवसाला दीड-दोन जीबीचा प्लॅन असतो, तो दुपारपर्यंत रील्समध्ये संपतो आणि रात्री वायफाय गेल्यावर हॉटस्पॉट चालू करून बघतात तर नेट रांगतंय. स्क्रिम्सच्या दिवशी तो डेटा राखून ठेवा. तुमच्या भागात वीज बंद ठेवायचा वार ठरलेला असेल तर त्या वारी दुपारचा स्लॉट घेऊच नका.

कॉल. शेवटच्या झोनमध्ये चार टीम उरल्यात आणि आईचा फोन येतो, "येताना दूध आण". गेमचा आवाज गेला, माइक गेला, तुम्हीही गेलात. वायफायवर खेळत असाल तर एअरप्लेन मोड लावून वायफाय पुन्हा चालू करा. डेटावर असाल तर डू नॉट डिस्टर्ब. आणि घरी आधी सांगून ठेवा की साडेनऊ ते बारा फोन लागणार नाही. वय अठराच्या आत असेल तर हे सांगणं आणखी गरजेचं, कारण तुमच्या आयडीवर खेळायच्या वेळेची मर्यादा असते. २०२३ मध्ये बंदीनंतर गेम परत आला तेव्हा अठराखालच्यांसाठी ती दिवसाला ३ तास होती. दुपारी दोन तास क्लासिक खेळून रात्री स्क्रिम्सला बसलात की तिसऱ्या मॅचमध्ये गेम तुम्हाला उठवतो.

> थांबा: जीएफएक्स टूल (ग्राफिक्स बदलणारं अ‍ॅप), रिकॉइल (गोळी झाडताना बंदुकीला बसणारा झटका) कमी करणारं कुठलंही अ‍ॅप, एम्युलेटर (कॉम्प्युटरवर गेम चालवणारा प्रोग्राम) यांतलं काही फोनवर किंवा आयडीवर वापरलं असेल तर आजच काढा. "फक्त ग्राफिक्ससाठी होतं" हे कारण कुणी ऐकून घेत नाही. फोनला लावायचे ट्रिगरही बऱ्याच सर्व्हरवर चालत नाहीत, नियम वाचून मगच लावा.

> तपासा: चौघांनी मिळून सलग तीन क्लासिक मॅच खेळा, मधे चार्जिंग नाही. तिसऱ्या मॅचनंतर कुणाचा फोन तापला, कुणाचं नेट तुटलं, कुणाचा माइक खरखरतोय ते लिहा. हे दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. चार जण, आणि पाचवा

टीम जुळवताना लोक के-डी (एकदा मरण्यामागे किती मारले ते) बघतात. मी आधी वेळ बघेन. एकाची नाईट शिफ्ट, एकाचा क्लास साडेनऊला सुटतो, एकाच्या घरी दहानंतर लाइट बंद, अशा चार तगड्या प्लेयरांपेक्षा रात्री नऊ ते बारा नक्की मोकळे असलेले चार बरे प्लेयर घ्या. आठवड्यातले किती दिवस, कोणते, हे आधी ठरवा. नव्या टीमला चार दिवस पुष्कळ झाले.

मग कामं वाटा. आयजीएल, म्हणजे मॅचमध्ये निर्णय घेणारा, एकच. तो सगळ्यात जास्त मारणारा असायची गरज नाही, नकाशा वाचणारा आणि आवाज न चढवणारा हवा. एक-दोघं पुढे घुसणारे (असॉल्टर), एक मागून झाकणारा आणि लांबून टिपणारा (सपोर्टर). याशिवाय एक मॅनेजर, म्हणजे नोंदणी करणारा, रूमचा आयडी-पासवर्ड बघणारा, सर्व्हरवर तिकीट (लेखी तक्रार किंवा विनंती) टाकणारा. तो चौघांपैकी एक असला तरी चालेल. मात्र "जो ऑनलाइन असेल तो करेल" असं ठरलं की समजा कुणीच करणार नाही.

पाचवा प्लेयर पहिल्या दिवसापासून हवा. कुणाच्या तरी बहिणीचं लग्न, कुणाची सेमिस्टर, कुणाची स्क्रीन फुटली, हे होणारच.

टीमच नाही, एकटेच आहात? मग टीम शोधायच्या चॅनलवर काय लिहिता त्यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण असं लिहितात:

*"भाई कोई टीम में ले लो, अच्छा खेलता हूं, के-डी ६"*

याला उत्तर येत नाही. क्लासिकच्या के-डीत बॉट (गेमने चालवलेले खोटे प्लेयर) मिसळलेले असतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी असं लिहा:

*"सपोर्टर / आयजीएलला दुसरा आवाज. ६० एफपीएस, स्थिर वायफाय. सोमवार ते गुरुवार रात्री ९ ते १२ नक्की. भाषा मराठी, हिंदी. टी-थ्री ३ आठवडे खेळलोय, पीओव्ही आहे. ट्रायलला तयार."*

(पीओव्ही म्हणजे तुमच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग.) एक मनातली गोष्ट सांगतो. सगळ्यांना असॉल्टर व्हायचं असतं. सपोर्टरला जागा लवकर मिळते.

भाषेचं म्हणाल तर चौघं मराठी असाल तर कॉल मराठीतच द्या. घाईत तोंडात जी भाषा येते तीच वेगवान असते. सर्व्हरवर, तिकिटात आणि दुसऱ्या टीमशी बोलताना मात्र हिंदीच चालते, तिथे अडून बसू नका.

> थांबा: टीममध्ये घ्यायला, ट्रायल घ्यायला किंवा "ऑर्गमध्ये (ई-स्पोर्ट्स संस्थेत) साइन करायला" जो पैसे मागतो तो भामटा. लिंकवर लॉगिन करायला सांगणारा, ओटीपी मागणारा, यूसी (गेममधलं चलन) वाटणारा, सगळे त्याच माळेचे मणी.

## ३. सर्व्हर निवडा, आणि तीन दिवस नुसते बघा

स्क्रिम्सच्या सर्व्हरना टी-थ्री, टी-टू, टी-वन अशा पायऱ्या असतात. तुम्ही टी-थ्रीच्या ओपन नोंदणीपासूनच सुरू करा. ओळखीने टी-टूचा स्लॉट मिळाला तरी घेऊ नका. तिथे आठवडाभर सोळाव्या नंबरवर बसलात की नाव खराब होतं, आणि या गावात नाव फार लवकर पसरतं. टी-थ्रीचा मॅनेजर आणि टी-टूचा मॅनेजर बहुधा एकमेकांना ओळखतात.

सर्व्हरमध्ये शिरल्या शिरल्या चॅटवर "हाय गाइज" करत बसू नका. तीन रात्री फक्त बघा. स्लॉट लिस्ट वेळेवर लागते का? पॉइंट शीट त्याच रात्री येते का? हॅकरच्या तक्रारीवर कुणी उत्तर देतं का? नियमांच्या चॅनलवर गैरहजेरीचा दंड, तक्रारीची मुदत, कोणती डिव्हाइस चालतात हे लिहिलंय का? आणि नोंदणी उघडली की किती वेळात भरते? चांगल्या सर्व्हरवर ती काही सेकंदांत भरते, हे पुढे कामाला येईल.

पैशांचं इथेच सांगून टाकतो. टी-थ्री स्क्रिम्स फुकट असतात. "एंट्री ५०, विनरला ५००" अशा रूम ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात त्यांच्यापासून लांब राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकायच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यात वेगळी जागा आहे, पण तिला मान्यतेच्या आणि नोंदणीच्या अटी आहेत. कुणाच्या तरी यूपीआयवर पैसे पाठवून मिळालेली रूम त्या अटींत बसते असं समजू नका. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यातल्या बऱ्याच रूम सुरूच होत नाहीत.

## ४. नोंदणी: काही सेकंदांचं काम, इथेच घोडं पेंड खातं

ओपन स्क्रिम्सची नोंदणी ठरलेल्या वेळी उघडते. समजा, दुपारी एक. चॅनल उघडतो, टीम मेसेज टाकतात, डिस्कॉर्डचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) हिरवी खूण करतो, स्लॉट भरले की चॅनल बंद. मेसेज बॉट वाचतो, माणूस नाही. त्यामुळे नमुना जसा दिलाय तसाच्या तसा हवा. साधारण असा:

*टीमचं नाव – सह्याद्री ई-स्पोर्ट्स*
*आणि खाली चारही प्लेयरांचे टॅग*

रोज होणाऱ्या चुका, वारंवारतेच्या क्रमाने:

टॅगऐवजी नुसती नावं टाइप करणं. बॉटला तुमचा मित्र "ओम्या" कोण हे कळत नाही, टॅग म्हणजे त्याच्या नावावर निळी पट्टी आली पाहिजे. चौथा प्लेयर सर्व्हरमध्येच नसणं, त्यामुळे त्याचा टॅग लागतच नाही. एकच प्लेयर दोन टीममध्ये टॅग होणं. टीमच्या नावात काल एक स्पेलिंग, आज दुसरं. आणि घाईत दोनदा मेसेज टाकणं, याला काही ठिकाणी थेट दंड आहे.

उपाय साधा आहे. मेसेज आदल्या रात्रीच नोट्समध्ये तयार ठेवा, बारा अठ्ठावन्नला कॉपी करून चॅनल उघडून बसा, उघडल्यावर पेस्ट करा. टॅग पेस्ट केल्यावर नीट लागतात का हे आधी आपल्या खासगी सर्व्हरवर करून बघा, कारण कॉपी करताना कधीकधी टॅगचा साधा मजकूर होऊन जातो.

चुकली नोंदणी तर मॅनेजरला मेसेज करून विनवण्या नकोत. स्लॉट रद्द करणाऱ्या टीम रोज असतात, त्या जागा वेगळ्या चॅनलवर येतात. संध्याकाळभर तिथे लक्ष ठेवणाऱ्याला नोंदणी चुकूनही खेळायला मिळतं. माझ्याकडे आता नियमित असलेल्या कितीतरी टीम अशाच आल्या.

> तपासा: हिरवी खूण आली, तुमचं नाव स्लॉट लिस्टमध्ये आलं आणि स्लॉट क्रमांक चौघांना कळला. तिन्ही झालं तरच नोंदणी झाली.

रद्द करायचं असेल तर मुदतीआधी करा, कारण सांगत बसायची गरज नाही. वेळेत रद्द करणाऱ्या टीमवर कुणी रागावत नाही. न सांगता गायब होणाऱ्या टीममुळे मात्र सोळाच्या जागी पंधरा टीम खेळतात, आणि ते सगळ्यांच्या लक्षात राहतं.

## ५. आयडी-पासवर्ड येतो तेव्हापासून विमान उडेपर्यंत

मॅच दहाची असेल तर रूमचा आयडी-पासवर्ड साधारण पावणेदहा ते नऊ पन्नासच्या दरम्यान पडतो. या दहा-पंधरा मिनिटांत नव्या टीमची जी धांदल उडते ती बघण्यासारखी असते. एक जण अपडेट करत असतो. दुसऱ्याचा मॅप डाउनलोड नाही. तिसरा क्लासिकमध्ये "शेवटचा झोन चाललाय, आलोच" म्हणत अडकलेला. क्रम असा ठेवा:

साडेनऊला चौघं व्हॉइसवर. गेम अपडेट आणि आजचे मॅप डाउनलोड झालेत का बघून घ्या, एरंगेल, मिरामार आणि तिसरा जो असेल तो. नऊ चाळीसनंतर कुणीही क्लासिक किंवा टीडीएम (टीम विरुद्ध टीम अशी छोटी मॅच) सुरू करायचं नाही. आयडी-पासवर्ड आला की मॅनेजर तो चौघांना देतो. सगळे आत जाऊन आपल्याच क्रमांकाच्या स्लॉटवर बसतात. पहिले एक-दोन स्लॉट बऱ्याचदा आयोजकांचे असतात, त्यामुळे लिस्ट तीनपासून सुरू झाली तर गोंधळू नका. तुमचा स्लॉट ११ असेल आणि तिथे दुसरीच टीम बसली असेल तर शेजारच्या रिकाम्या जागी सरकू नका, तुम्ही तिसऱ्याच टीमला उठवाल. मॅनेजरला टॅग करा आणि थांबा.

गेममधला व्हॉइस "टीम"वर आहे ना, तेही बघा. "ऑल"वर राहिला तर भिंतीपलीकडचा शत्रू तुमचा सगळा बेत ऐकतो. हसू नका, दर आठवड्याला एक टीम अशी सापडते.

> थांबा: आयडी-पासवर्ड चौघांबाहेर कुणालाही देऊ नका. "मित्राला फक्त बघायचंय" म्हणून दिलेल्या पासवर्डवर रूममध्ये पासष्टावा माणूस येतो आणि सगळी मॅच पुन्हा लावावी लागते.

## ६. पहिले दहा दिवस रूममध्ये

### उतरायची जागा

सोळा टीम, चौसष्ट खरी माणसं, एकही बॉट नाही. एरंगेल ८ बाय ८ किलोमीटरचा आहे, सगळ्यांना पुरेल एवढी जागा आहे. तरी नव्या टीम पोचिंकी, जॉर्जोपोल आणि मिलिटरी बेसवरच उड्या मारतात, कारण क्लासिकमधली सवय. त्या जागांवर जुन्या टीम रोज उतरतात आणि कुठल्या घरात काय मिळतं ते त्यांना तोंडपाठ असतं.

सर्व्हरवर ड्रॉप मॅप (कोणती टीम कुठे उतरते त्याचा नकाशा) लावला असेल तर तो आधी बघा. नसेल तर ज्या तीन रात्री नुसतं बघायचं सांगितलं, तेव्हा विचारून टिपून घ्या. मग कडेची एखादी जागा घ्या: वायव्येला झार्की, ईशान्येला कामेश्की, पूर्व किनाऱ्यावर लिपोव्का, नैर्ऋत्येला प्रिमोर्स्क. लूट मध्यम, पण शांतता भरपूर. दहा दिवस तीच जागा. रोज बदललीत तर काहीच शिकणार नाही. चौघांची घरं वाटून घ्या आणि गाडी कुठे कुठे सापडते ते क्लासिकमध्ये जाऊन कागदावर लिहा. कडेच्या जागेची सगळी मदार गाडीवर आहे, आणि चौघांना दोन गाड्या हव्यात. एका गाडीत चौघं बसलात आणि टायर फुटला की चारही जण एकाच वेळी उघड्यावर.

जागेवर दुसरी टीम उतरलीच तर? आधी ठरवून ठेवा: लढायचं की सरकायचं. हवेत असताना वाद घालणाऱ्या टीमचे दोघं एका छपरावर आणि दोघं दुसऱ्या गावात उतरतात.

### निघायची वेळ

नव्या टीमचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे लुटीचा मोह. लेव्हल थ्री हेल्मेट मिळेपर्यंत घर सोडायचं नाही. पहिला झोन दिसला आणि लांब असला तर आहे ते घेऊन निघा. एक चांगली रायफल, पुरेशा गोळ्या आणि माणशी तीन-चार स्मोक (धुराचे बॉम्ब), एवढं पुष्कळ. स्मोक कमी घेऊन गोळ्यांनी बॅग भरणारा प्लेयर टी-थ्रीमध्ये लगेच ओळखू येतो.

सोस्नोव्का बेट आणि मुख्य जमीन यांमधले पूल तर खास सांगायला हवेत. झोन बेटावर सरकला की उशिरा निघालेली टीम पुलावर जाते आणि पलीकडे कुणीतरी बसलेलंच असतं. लवकर ओलांडा, नाहीतर बोट शोधा.

### पॉइंटचं गणित

सध्या सर्रास चालणारी पद्धत अशी: पहिल्या नंबरला १०, मग ६, ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला प्रत्येकी १. प्रत्येक फिनिशला १.

आता दोन टीम बघा. पहिली लपूनछपून खेळते. तीन मॅचमध्ये पाचवी, सहावी, सातवी, आणि तिन्हींत मिळून एक फिनिश. तिचे पॉइंट ३ + २ + १ + १, म्हणजे ७. दुसरी टीम एका मॅचला आठवी आणि ४ फिनिश, एकदा तेरावी आणि ३ फिनिश, एकदा तिसरी आणि ६ फिनिश. तिचे झाले ५ + ३ + ११, एकूण १९. दुसरी टीम एकदा पहिल्या काही मिनिटांत गेली तरी जवळजवळ तिप्पट पुढे.

यावरून "म्हणजे रश करायचा", दिसेल त्याच्या अंगावर धावून जायचं, असा अर्थ काढणाऱ्यांची संख्या कमी नाही. टी-थ्रीमध्ये बऱ्याच टीम उगाच भिडून लवकर संपतात. तुम्ही चौघं जिवंत राहून चौथ्या-पाचव्या झोनपर्यंत पोचलात तर समोर तीन-तीन, दोन-दोन जणांच्या अर्धवट टीम उरलेल्या असतात. फिनिश तिथे मिळतात. तोवर दोन टीम भांडत असतील तर लगेच तिसरे म्हणून घुसू नका. एकाचा आवाज थांबू द्या, मग जा.

### कॉल

"समोर आहे, समोर!" कुणाच्या समोर? चौघांची तोंडं चार दिशांना. डावीकडे, उजवीकडे हे शब्द पहिल्या दिवसापासून बंद. वर कंपास असतो, त्यावरचा अंश सांगा. क्रम ठरलेला: अंश, जागा, किती जण, अवस्था. "दोनशे चाळीस, दगडामागे, दोन, एक नॉक." पाच सेकंदांत संपतं. (नॉक म्हणजे खाली पडलेला, पण टीममेटला अजून उचलता येईल असा.) दोघं एकमेकांपासून लांब असाल तर अंशही जुळत नाही, तेव्हा मार्कर टाका.

मेलेल्या माणसाने गप्प बसायचं. हे लिहायला सोपं, पाळायला फार कठीण. "मागे बघ, अरे मागे, मी सांगत होतो ना!" या एका वाक्यात जिवंत प्लेयरला पावलांचा आवाज ऐकू येत नाही. मेल्यावर एकदा माहिती द्या, मग म्यूट. चुकांची चर्चा मॅच संपल्यावर.

एक जण नॉक झाला की बाकी तिघं त्याला उचलायला धावतात आणि चौघंही एकाच ग्रेनेडवर जातात. आधी स्मोक, मग ज्याने नॉक केलं त्याच्यावर दोघांचं लक्ष, आणि एकच जण उचलायला.

> थांबा: दुसऱ्या टीममध्ये मित्र असेल आणि तुम्ही एकमेकांवर गोळी टाळलीत, किंवा मेलेला मित्र तुम्हाला शत्रूची जागा सांगतोय, तर ते टीमिंग आणि घोस्टिंग. बघणाऱ्याला ते स्पष्ट दिसतं. याला सुटका नाही.

## ७. मॅच संपली: शीट, तक्रार, रेकॉर्डिंग

निकालाचा स्क्रीनशॉट तुमच्याकडेही हवा. शीट माणूस भरतो, चुका होतात. माझ्याही झाल्यात, एकदा मी दोन टीमचे पॉइंट अदलाबदल करून झोपायला गेलो होतो. सकाळी एका टीमने तिकिटात स्क्रीनशॉट टाकून दोन ओळी लिहिल्या, "दुसऱ्या मॅचमध्ये आमचे फिनिश ५, शीटमध्ये २ आहेत. कृपया बघाल का?" पाच मिनिटांत दुरुस्त झालं. दुसऱ्या टीमने जनरल चॅटवर माझ्या खानदानाचा उद्धार केला. तिचेही पॉइंट दुरुस्त झालेच, पण पुढच्या आठवड्यात राखीव स्लॉट द्यायचा होता तेव्हा मला कोण आठवलं असेल?

हॅकरची शंका आली तरी हीच वाट: तिकीट, मॅच क्रमांक, वेळ, त्याचं नाव आणि क्लिप. मुदतीच्या आत. चॅटवर नाव घेऊन बोंब मारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आरोप खोटा ठरला तर तुम्हीच अडकता.

आणि उलटही होईल. चांगलं खेळायला लागलात की तुमच्यावरही कुणीतरी बोट ठेवेल आणि तुमचा पीओव्ही मागितला जाईल. म्हणून प्रत्येक मॅचचं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा, निदान दोन दिवस. फोन ते पेलत नसेल तर किमान दोघांनी तरी करा. "स्टोरेज नव्हतं" हे उत्तर निर्दोष माणूसही देतो आणि चोरही, ऐकणाऱ्याने फरक कसा करायचा?

त्याच रेकॉर्डिंगचा दुसरा उपयोग म्हणजे आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी वगैरे, चौघांनी एक हरलेली मॅच सोबत बघणं. एकच मॅच. कोण चुकला ते शोधायचं नाही, कुठल्या क्षणी निघायला हवं होतं तेवढं शोधा.

> तपासा: दहा दिवसांनंतर हे बघा. किती रात्री चौघं वेळेवर होते? किती मॅचमध्ये चौथ्या झोनला तिघं तरी जिवंत होते? पहिल्याचं उत्तर "सगळ्या" आणि दुसऱ्याचं "निम्म्याहून जास्त" असेल तरच पुढचा टप्पा. नसेल तर आणखी दहा दिवस इथेच.

## ८. वर सरकणं

टी-थ्रीच्या शीटवर सतत वरच्या पाच-सहांत येऊ लागलात की रोजच्या नोंदणीच्या धावपळीतून सुटका होते, राखीव स्लॉट मिळतो. टी-टूकडे जायला बहुतेक सर्व्हर पात्रता फेरी ठेवतात. तिथे जाताना टीममध्ये बदल करू नका. "टी-टूला जायचंय तर एक तगडा प्लेयर घेऊ" म्हणून जुन्याला काढणाऱ्या टीम महिन्याभरात फुटतात, कारण नवा माणूस कॉल वेगळ्या भाषेत देतो आणि काढलेला मित्र दुसऱ्या टीममध्ये जाऊन तुमचा ड्रॉप सांगतो.

गेमची कंपनी क्राफ्टन हिच्या अधिकृत स्पर्धांना मोठ्या ऑर्गचीच टीम लागते हा गैरसमज आहे. २०२१ च्या पहिल्या बीजीआयएसमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया सिरीजमध्ये) इन-गेम पात्रता फेरी होती: नोंदणी केलेल्या टीमने १५ मॅच खेळायच्या, त्यातल्या सर्वोत्तम १० धरल्या जायच्या, आणि तिथून १,०२४ टीम पुढच्या फेरीत गेल्या. दर मोसमाला पद्धत आणि अटी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं नियमपत्रक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा. विशेषतः वयाची अट, अठराखालच्यांसाठी पालकांची संमती, आयडीची पातळी आणि रँक, कोणती डिव्हाइस चालतात आणि रोस्टर (प्लेयरांची नोंदलेली यादी) कधी बंद होतं. नोंदणीत दिलेलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. "ओम्या" इथेही चालत नाही.

शेवटचं काम परीक्षेआधीचं. मार्च आला की निम्म्या टीम गुपचूप नाहीशा होतात आणि मे महिन्यात "दादा, स्लॉट" म्हणत परत येतात, तोवर राखीव जागा गेलेली असते. जायच्या आधी तिकिटात एवढंच लिहा: "२० फेब्रुवारी ते ३१ मार्च टीम खेळणार नाही, राखीव स्लॉट दुसऱ्यांना द्यावा, १ एप्रिलला ओपनमधून पुन्हा येतो." मग पाचव्या प्लेयरलाही कळवा, तो बिचारा रोज साडेनऊला व्हॉइसवर येऊन बसतो.